‘पुश’ आणि ‘शव्ह’ : ढकलण्याच्या इंग्रजी शब्दांचे मूळ कोठे?

अक्षरयात्री (धागाकर्ता)

ढकलण्यासाठी इंग्रजीत आपण सर्वप्रथम शिकतो तो शब्द ‘पुश’. तो इतका आखूड आणि इतका रोजचा आहे की इंग्रजीचा तो घरचाच शब्द असावा, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी १०६६ साली इंग्लंड जिंकल्यानंतर पुढील तीनेकशे वर्षांत फ्रेंचमधून जे हजारो शब्द इंग्रजीत आले, त्यांपैकी तो एक आहे आणि इंग्रजी लेखनात तो १३००च्या सुमारास दिसू लागतो. त्याआधी इंग्रजांचे ढकलणे ज्या क्रियापदावर चालत असे, त्याचा उच्चार साधारणपणे ‘शूव्हान’ असा होता आणि आजचा ‘शव्ह’ हा त्याचा थेट वंशज आहे.

‘पुश’चा माग काढत मागे गेले, तर जुन्या फ्रेंचमधील ‘पोल्सेर’ लागतो. आजच्या फ्रेंचमध्ये त्याचेच रूप ‘पूसे’ असे आहे. त्यामागे लॅटिनमधील ‘पुल्सारे’ आहे आणि त्याच्याही मागे ‘पेल्लेरे’, म्हणजे हाकणे, हाणणे, रेटणे. ‘पेल्लेरे’चे भूतकालवाचक कृदन्त ‘पुल्सुस’. त्यावरून लॅटिनने ‘पुल्सारे’ हे पौनःपुन्यदर्शक क्रियापद बनवले, म्हणजे एकदा मारणे नव्हे, तर पुन्हापुन्हा मारणे, बडवणे. फ्रेंचने लॅटिनकडून वारसा घेताना अनेकदा मूळ धातू सोडून हे पौनःपुन्याचे रूपच उचललेले दिसते. गाण्यासाठी ‘कानेरे’ न घेता ‘कान्तारे’ घेतले आणि त्याचे ‘शाँते’ झाले. फेकण्यासाठी ‘याकेरे’ न घेता ‘याक्तारे’ घेतले आणि त्याचे ‘जते’ झाले. बोलीभाषेला ठसठशीत, जोरकस रूपे आवडतात, हे त्यामागचे कारण असावे.

म्हणजे ‘पुश’च्या पोटात मुळात ढकलणे नसून बडवणे आहे. रोमन माणूस दार ‘पुल्सारे’ करी, तेव्हा तो ते ढकलत नसे, ठोठावत असे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात ‘ठोका म्हणजे उघडले जाईल’ अशा अर्थाचे जे प्रसिद्ध वचन आहे, त्याच्या लॅटिन पाठात हेच क्रियापद वापरलेले आहे. आज दुकानाच्या काचेच्या दारावर ‘पुश’ अशी पाटी वाचून आपण निमूटपणे दार ढकलतो. जुन्या अर्थाने पाहिले, तर ती पाटी दार वाजवायला सांगते आहे.

माझा मुख्य मुद्दा मात्र यापुढचा आहे. इंग्रजीविषयी आपल्याकडे एक सूत्र फार लोकप्रिय आहे : साधा, रांगडा शब्द असेल तर तो अँग्लो-सॅक्सन आणि सुसंस्कृत, दरबारी शब्द असेल तर तो फ्रेंच. गोठ्यातली गाय ‘काऊ’ आणि ताटातली ‘बीफ’, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. ‘पुश’ आणि ‘शव्ह’ या जोडीत हे सूत्र चालत नाही. येथे बाहेरून आलेला शब्द सर्वसाधारण कामाचा झाला आणि घरचा शब्द आडदांड ठरला. लहान मुलाची गाडी ‘पुश’ करतात, विजेचे बटण ‘पुश’ करतात; ‘शव्ह’ करतात ते गर्दीत पुढच्याला, किंवा पाहुणे आले म्हणून पसारा कपाटात कोंबताना. जुना ‘शूव्हान’ असा नव्हता. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजीतील प्राचीन काव्यात योद्धे आपले जहाज पाण्यात लोटतात, तेथे हेच क्रियापद आहे आणि शेवटी मेलेल्या ड्रॅगनचे धूड कड्यावरून समुद्रात ढकलतात, तेथेही हेच आहे. त्यात उद्धटपणाचा लवलेश नाही. ‘पुश’ने मधली प्रशस्त जागा घेतल्यावर ‘शव्ह’ कडेला सरकला आणि तेथे त्याला धसमुसळेपणाचा रंग चढला, असे मला वाटते. याविषयी जाणकारांचे मत वाचायला आवडेल.

गोदाकाठ

धागा आवडला. एक जुनी शंका विचारतो. ‘कप’, ‘रश’, ‘ब्रश’ या साऱ्या शब्दांत ‘यू’ या अक्षराचा उच्चार ‘अ’ होतो, मग ‘पुश’ आणि ‘बुश’ यांतच तो ‘उ’ का राहिला? शाळेत आम्हांला ‘बी यू टी बट आणि पी यू टी पुट’ हे केवळ पाठ करायला सांगितले गेले. कारण कोणी सांगितले नाही.

ध्वनिवेध

गोदाकाठ, पूर्वी हे सगळेच शब्द ‘उ’चे होते. सतराव्या शतकात दक्षिण इंग्लंडमध्ये ऱ्हस्व ‘उ’चा उच्चार बदलू लागला, ओठांचा गोलावा सुटला आणि तो आपल्या ‘अ’च्या जवळ गेला. ज्या शब्दांत आधी ओष्ठ्य व्यंजन होते, म्हणजे प, ब, फ किंवा व, आणि विशेषतः ज्यांत नंतर ल किंवा श होता, त्यांत ओठ आधीच गोल होण्याच्या बेतात असल्याने जुना ‘उ’ टिकून राहिला. म्हणून ‘पुल’, ‘बुल’, ‘फुल’, ‘पुश’, ‘बुश’. ‘ब्रश’ आणि ‘रश’ यांत मध्ये ‘र’ आला आणि आधार गेला. मात्र हा नियम काटेकोर नाही, कारण ‘पल्स’, ‘बल्क’, ‘फन’ हे त्याला जुमानत नाहीत. धागाकर्त्यांनी सांगितलेल्या कुळातील दोन भावंडे, ‘पुश’ आणि ‘पुल्सुस’वरून आलेला ‘पल्स’ (नाडी), नेमकी या रेषेच्या दोन बाजूंना पडली आहेत. उत्तर इंग्लंडमध्ये हा बदल पोहोचलाच नाही; तेथील पारंपरिक बोलीत आजही ‘कप’ला ‘कुप’च्या जवळचा उच्चार ऐकू येतो. आपल्या शाळेतील ती शंका तेथील मुलांना पडण्याचे कारण नाही.

शेवटच्या ‘श’बद्दलही सांगण्यासारखे आहे. फ्रेंचमध्ये ‘स’ असताना इंग्रजीत ‘श’ कसा आला? हा प्रकार एकट्या ‘पुश’चा नाही. फ्रेंच ‘ब्रॉस’चा ‘ब्रश’ झाला, ‘लेस’चा ‘लीश’, म्हणजे कुत्र्याला बांधायची दोरी, झाला आणि ‘आंग्वास’चा ‘अँग्विश’. या शब्दांतील फ्रेंच ‘स’ इंग्रजांच्या कानाला ‘श’च्या जवळचा वाटत असणार आणि त्यांनी तो तसाच बसवला.

‘शव्ह’च्या स्पेलिंगमधील ‘ओ’ हा तर लेखनिकांचा प्रताप आहे. मध्ययुगीन हस्तलिखितांत ‘यू’ आणि ‘व्ही’ ही दोन वेगळी अक्षरे मानली जात नसत. ती एकमेकांशेजारी किंवा ‘एम’, ‘एन’ यांच्या शेजारी आली की नुसत्या उभ्या रेघांची रांग दिसे आणि कोठे काय तोडायचे ते कळत नसे. म्हणून अशा ठिकाणी लेखनिक ‘यू’ऐवजी ‘ओ’ लिहू लागले. ‘लव्ह’, ‘सन’ म्हणजे मुलगा, ‘कम’ आणि ‘शव्ह’ या सर्वांत लिहिण्यात ‘ओ’ असून बोलण्यात तो का नाही, याचे उत्तर वाचकाच्या सोयीसाठी केलेल्या या तडजोडीत आहे.

निरुक्तप्रेमी

‘शव्ह’विषयी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. युलियुस पोकोर्नी यांच्या १९५९ सालच्या इंडो-युरोपीय व्युत्पत्तिकोशात या शब्दाचे जर्मानिक (इंग्रजी, जर्मन, डच इत्यादी भाषांचे) कुळ आणि संस्कृतमधील ‘क्षुभ्’ हा धातू एकाच मुळाखाली दिलेले आहेत. ‘क्षुभ्’ म्हणजे हलणे, डहुळणे, खळबळणे. त्यापासून आपले क्षोभ, क्षुब्ध, प्रक्षोभक हे शब्द आले. हे खरे धरले, तर लोकलच्या दारात होणारा ‘शव्ह’ आणि त्यानंतर होणारा क्षोभ हे एकाच घरचे ठरतात!

ढकलण्यासाठी संस्कृतचा नेमका धातू मात्र ‘नुद्’ हा आहे. त्याचे आपल्याकडील सर्वांत परिचित अपत्य म्हणजे ‘विनोद’. वि + नुद्, म्हणजे दूर सारणे, घालवणे. श्रम, कंटाळा किंवा दुःख दूर सारते ती गोष्ट म्हणजे विनोद, म्हणून करमणूक, आणि तेथून पुढे मराठीत हसवणूक. इंग्रजीत ‘पेल्लेरे’पासून आलेल्या ‘डिस्पेल’ या शब्दाची रचना अगदी अशीच आहे : दूर ढकलणे, घालवणे. ‘डिस्पेल’ शंका आणि भीती घालवण्यापुरता राहिला; आपला शब्द हास्यापर्यंत पोहोचला. या दोन धातूंचे नाते नाही. विचाराची वाट तेवढी सारखी आहे.

अक्षरयात्री

निरुक्तप्रेमी, ‘विनोद’चे उदाहरण फारच उत्तम. ‘क्षुभ्’बद्दल मात्र मी हात आखडता घेईन. संस्कृतमध्ये आधी ‘क’ आणि मग ‘ष’ आहे, जर्मानिकमध्ये आधी ‘स’ आणि मग ‘क’. वर्णविपर्यास, म्हणजे वर्णांची अदलाबदल, म्हणून हे सोडवता येते, पण अवेस्ता या प्राचीन इराणी धर्मग्रंथातील जे रूप ‘क्षुभ्’शी जोडले जाते, त्यातही क्रम संस्कृतचाच आहे, म्हणजे विपर्यास झाला असलाच, तर तो भारतीय आणि इराणी शाखा वेगळ्या होण्यापूर्वीचा धरावा लागेल. शिवाय अर्थाकडे पाहावे. ‘क्षुभ्’ हा मुख्यतः स्वतः हलण्याचा धातू आहे आणि ‘शव्ह’ दुसऱ्याला हलवण्याचा. ही अडचण दुस्तर नाही, तरी दोन अडचणी एकत्र आल्या की मी ‘शक्य’ म्हणतो, ‘सिद्ध’ म्हणत नाही.

जर्मानिक भाषांच्या आतील नाती मात्र भक्कम आहेत. डच ‘स्खाउव्हेन’, जर्मन ‘शीबेन’, स्कँडिनेव्हियाच्या जुन्या नॉर्स भाषेतील ‘स्कूव्हा’ ही सगळी सख्खी भावंडे आहेत. खुद्द इंग्रजीत ‘शव्हल’, म्हणजे फावडे, हा याच धातूपासून झालेला जुना शब्द आहे; ज्याने माती किंवा धान्य पुढे लोटायचे ते साधन. ‘स्कफल’, म्हणजे झटापट, हा शब्द स्कँडिनेव्हियाच्या बाजूने आलेला त्याचा चुलतभाऊ मानतात.

निरुक्तप्रेमी

अर्थाची अडचण मला एवढी मोठी वाटत नाही. मराठीत ‘हलणे’ आणि ‘हलवणे’ एकाच धातूचे आहेत आणि संस्कृतमध्येही प्रयोजक ‘क्षोभयति’ म्हणजे हलवून सोडतो, ढवळून काढतो, असे होतेच. ध्वनीचा आक्षेप मात्र मान्य करावा लागेल. पोकोर्नींच्या कोशात पुष्कळ गोष्टी ऐसपैस एकत्र बांधलेल्या आहेत आणि पुढच्या पिढीने त्यांतील बऱ्याच सोडवून वेगळ्या केल्या, हेही खरे.

बर्लिनकर

जर्मन भाषेच्या बाजूने थोडी भर घालतो. येथे ‘शीबेन’ हेच ढकलण्याचे सर्वसाधारण क्रियापद आहे आणि त्यात कोणताही उद्धटपणा नाही. सायकल हातात धरून चालवत नेणे म्हणजे ती ‘शीबेन’ करणे. टेबलाच्या खणाला ‘शूबलाडे’ म्हणतात. त्यातील पहिला भाग ढकलण्याचा आहे. सरकत्या दाराला ‘शीबेट्यूर’ म्हणतात. पहिल्या महायुद्धानंतरच्या टंचाईच्या काळात काळाबाजार करणाऱ्याला ‘शीबर’ म्हणत. मालाची गुपचूप सरकवासरकव करणारा, असा त्यामागचा भाव. मराठी माणसाला सर्वांत जवळचा वाटेल तो शब्द ‘फेरशीबेन’. बैठक, परीक्षा, लग्न जे काही ठरल्या दिवशी होत नाही, ते जर्मन माणूस ‘फेरशीबेन’ करतो आणि आपण ‘पुढे ढकलतो’. कोणी कोणाकडून उसने घेतलेले नाही. दोघांनाही काळ हा सरकवता येण्यासारखा वाटला, एवढेच.

धागाकर्त्यांच्या तर्काला यातून पुष्टी मिळते. जर्मन भाषेवर फ्रेंच ‘पूसे’ येऊन बसला नाही, म्हणून ‘शीबेन’ला आपली जागा सोडावी लागली नाही. इंग्रजीत तो आला आणि तेथल्या भावंडाचा स्वभाव बदलला.

मुळाक्षर

मी येथे थोडा वेगळा सूर लावतो. शब्दाचा स्वभाव त्याच्या कुळावरून किंवा शेजाऱ्यावरून ठरतो, असे मानण्याची घाई होते आहे. ‘शव्ह’मध्ये धसमुसळेपणा आहे, पण ‘शव्ह-हेपनी’ या टेबलावर नाणी सरकवण्याच्या जुन्या इंग्रजी खेळात तो कोठे आहे? तेथे तर बोटाच्या अलगद झटक्याचे कौशल्य लागते. नावाडी किनाऱ्यापासून होडी लोटताना ‘शव्ह ऑफ’ म्हणतो, त्यातही काही वावगे नाही; तेच शब्द माणसाला उद्देशून म्हटले की ‘चालता हो’ असा अर्थ होतो. उलट ‘पुश’ही सर्वत्र सौम्य नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिडनीतील गुंडांच्या टोळ्यांना ‘पुश’ म्हणत. बंदराजवळच्या ‘रॉक्स पुश’ या टोळीचा दरारा होता. पहिल्या महायुद्धात १९१६ साली फ्रान्समधील सॉम नदीकाठी ब्रिटिशांनी केलेल्या हल्ल्याला सैनिक ‘बिग पुश’ म्हणत आणि त्यात झालेली प्रचंड प्राणहानी सर्वांना ठाऊक आहे. नोकरीवरून काढून टाकले तर ब्रिटिश माणूस ‘पुश’ मिळाला म्हणतो. अमली पदार्थ विकणारा तो ‘पुशर’.

अक्षरयात्री

मुळाक्षर, उदाहरणे बिनतोड आहेत. पण पाहा, ‘शव्ह-हेपनी’ आणि होडीचे ‘शव्ह ऑफ’ हे दोन्ही जुन्या काळातून बांधून आलेले प्रयोग आहेत. अशा बंदिस्त प्रयोगांत शब्दाचा पूर्वीचा स्वभाव टिकून राहतो. आज कोणी नवा खेळ काढला आणि त्यात एखादी गोष्ट नाजूकपणे सरकवायची असेल, तर त्याला ‘शव्ह’ हे नाव सुचणार नाही.

‘पुश’ आक्रमक होतो हे मान्यच आहे आणि मला ते त्याच्या मुळाशी सुसंगत वाटते, कारण बडवण्याचा अर्थ त्याने बराच काळ सोडला नव्हता. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलात, निर्गम पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाविषयी नियम आहे. तेथे बैल शिंगाने ‘पुश’ करतो; म्हणजे ढकलत नाही, ढुशी मारतो, भोसकतो. त्याच सुमारास युरोपच्या रणांगणांवर लांब भाल्यांची दोन दळे एकमेकांना भिडत, त्या प्रसंगाला इंग्रजीत ‘पुश ऑफ पाईक’ असे नाव होते आणि त्यातही रेटारेटीबरोबर भाल्याचा घाव होता.

वैद्यकी

‘पल्स’चा उल्लेख झाला म्हणून दोन वाक्ये. नाडीला इंग्रजीत ‘पल्स’ म्हणतात ते याच ‘पुल्सुस’वरून, लॅटिनमध्ये ‘शिरांचे ठोके’ असा पूर्ण शब्दप्रयोग होता आणि त्यातील ठोके तेवढे पुढे उरले. आपण मराठीत ‘नाडीचे ठोके’ म्हणतो, त्यात नळीही आली आणि बडवणेही. मात्र डाळींना आणि कडधान्यांना इंग्रजीत ‘पल्स’ म्हणतात तो शब्द निराळा आहे. तो लॅटिन ‘पुल्स’, म्हणजे पिठाची घट्ट लापशी, यावरून आला आणि जखमेवर बांधायच्या पोटिसाचा ‘पोल्टिस’ हा शब्दही त्याच लापशीतून निघाला. तूरडाळीचा आणि नाडीचा संबंध जोडणारे लेख अधूनमधून फिरत असतात, म्हणून हे सांगितले.

खोडदवासी

या कुळातील एक सदस्य आमच्या गावात पाहुणा म्हणून राहतो. जॉसलिन बेल यांनी १९६७ साली केंब्रिज येथे ठरावीक अंतराने रेडिओ ठोके देणाऱ्या ताऱ्याचा शोध लावला आणि ‘पल्सेटिंग’ व ‘स्टार’ हे दोन शब्द जोडून पुढच्या वर्षी ‘पल्सार’ हे नाव रूढ झाले. नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत आणि पल्सारांचा अभ्यास हे तिच्या प्रमुख कामांपैकी एक आहे. पुण्यातल्या कंपनीने २००१ साली आणलेल्या मोटारसायकलीमुळे हे नाव गल्लोगल्ली पोहोचले, हे वेगळे सांगायला नको. ती बंद पडली की तिला ‘पुश’ करावे लागते आणि तेव्हा दोन्ही शब्द पुन्हा एकत्र येतात.

गोदाकाठ

मग ‘थ्रस्ट’ हा शब्द या दोघांत कोठे बसतो? विमानाच्या इंजिनाबाबत तोच वापरतात.

अक्षरयात्री

‘थ्रस्ट’ हा तिसऱ्याच दिशेने आला. तो जुन्या नॉर्समधील ‘थ्रूस्ता’ आहे आणि इंग्लंडमध्ये वस्ती केलेल्या व्हायकिंगांनी तो आणला. इंग्रजी लेखनात तो १२००च्या आसपास दिसतो. ढकलण्यासारख्या साध्या क्रियेसाठी इंग्रजीजवळ एक घरचा, एक व्हायकिंगांचा आणि एक नॉर्मनांचा असे तीन शब्द जमा झाले ते असे. ‘थ्रस्ट’चे दूरचे नाते लॅटिन ‘त्रूदेरे’शी लावतात, ज्यापासून ‘इन्ट्रूड’, म्हणजे घुसणे, हा शब्द आला. धमकीचा ‘थ्रेट’ हाही त्याच कुळातला मानतात. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ जमाव आणि जमावाचा दबाव असा होता.

‘पुश’बाबत एक गोष्ट सांगायची राहिली आणि मुळाक्षरांच्या आक्षेपाला खरे उत्तर कदाचित त्यातच आहे. ‘पेल्लेरे’ इंग्रजीत एकदा आला नाही, दोनदा आला. पहिल्यांदा तो फ्रेंच बोलणाऱ्यांच्या तोंडून आला, वाटेत झिजला, त्यातला ‘ल’ गळाला आणि तो ‘पुश’ झाला. नंतर तो पुस्तकांतून आला, तेव्हा ‘प्रोपेल’, ‘एक्स्पेल’, ‘कम्पेल’, ‘रिपेल’, ‘इम्पल्स’ असा पूर्ण लॅटिन पेहरावात आला. न्यायालयात आपण जे ‘अपील’ करतो, तेही याच कुळातले मानतात. मराठीत ‘काम’ आणि ‘कर्म’ एकाच मुळाचे असून एक घासून आले आणि दुसरे ग्रंथातून जसेच्या तसे आले, तसाच हा प्रकार आहे. दरबारी आणि शास्त्रीय कामे ‘प्रोपेल’च्या मंडळींनी उचलली, म्हणून ‘पुश’ला फ्रेंच असूनही साध्या माणसाचे जिणे जगता आले. तेव्हा गाय आणि ‘बीफ’ यांच्या सूत्रात दुरुस्ती करावयाची, तर शब्द कोणत्या देशातून आला यापेक्षा तो तोंडातून आला की कागदावरून, हे आधी पाहावे.

ध्वनिवेध

याच्याही आधी एक पायरी आहे. ‘पेल्लेरे’चा जो आद्य इंडो-युरोपीय धातू मानला जातो, त्यातील ‘प’चा जर्मानिक भाषांत नियमाने ‘फ’ होतो. तेव्हा या धातूचा एखादा अस्सल घरचा वंशज इंग्रजीत असलाच, तर तो ‘फ’ घेऊन आलेला असला पाहिजे. तसा एक आहे, असे कोशकार मानतात : ‘फेल्ट’, म्हणजे लोकर भिजवून, बडवून दाबून केलेला नमदा. ऐरणीला इंग्रजीत ‘अँव्हिल’ म्हणतात. तिच्या जुन्या ‘अनफिल्ट’ या रूपातही तोच बडवण्याचा भाग दिसतो. नमद्यातून द्रव गाळून घेत, त्यावरून मध्ययुगीन लॅटिनने जर्मानिक शब्द घेऊन ‘फिल्त्रुम’ केला आणि त्याचा आपल्या स्वयंपाकघरातील ‘फिल्टर’ झाला.